सर्वांत वरचं पाकीट

१

पाकीट कुणीतरी उघडलं होतं आणि परत चिकटवून ठेवलं होतं. काम इतकं नेटकं होतं की दुसरं कुणीही फसलं असतं. पण पाकीट ज्या बाईंचं होतं, त्या बाई सहजी फसणाऱ्या नव्हत्या. तालमीच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून त्यांनी चार तपकिरी पाकिटांचा गठ्ठा बाहेर काढला, सर्वांत वरच्या पाकिटाच्या झडपेवरून अंगठा फिरवला आणि जागच्या जागी थांबल्या.

"मी फक्त मधोमध डिंक लावते," त्या म्हणाल्या. "याचे कोपरेही चिकटलेत."

खोलीत चौघं वादक होते आणि महोत्सवाचे आयोजक भाऊ होते. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं, कारण पाकिटात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. महोत्सव अगदी ताज्या रचनांचा, दोघा-तिघांनी किंवा चौघांनी मिळून वाजवायच्या. शेवटच्या संध्याकाळी या संगीतकार बाईंची रचना होती. तिची अट एकच, पण भलती होती. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि खर्जात बोलणारा एक चेलो असे चौघं मंचावर येणार, लोकांसमोर आपापलं पाकीट फाडणार आणि आत लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहत पाहत वाजवणार. तालीम नाही, चोरून नजर टाकणं नाही. चाचपडणं, अडखळणं, एकमेकांना सावरणं, हीच ती रचना. कुणी एकाने जरी आपला कागद आधी पाहिला असेल, तर मग राहिलं काय, नुसतं नाटक.

"संध्याकाळपर्यंत कुणी केलं ते कळलं तर ठीक," बाई म्हणाल्या, "नाहीतर मी रचना मागे घेते."

पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'व्हिओला'. सगळ्यांच्या माना आपोआप एकाच दिशेला वळल्या. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण, थोडी मोठी आणि घोगऱ्या गळ्याची. ती वाजवणारी मुलगी चौघांत सर्वांत नवी होती, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. शाळेतली कायमची नोकरी सोडून ती या चौकडीत आली होती, तीही कच्च्या नेमणुकीवर. महोत्सव संपला की तिला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. हा धंदा इतका छोटा की इथून चोर म्हणून गेलेल्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही.

पहिलं व्हायोलिन वाजवणारे दादा चौकडीचे संस्थापक. तिला निवडलं होतं तेही त्यांनीच. ते हळूच म्हणाले, "पाकीट जिचं, तिनेच उत्तर द्यायला हवं."



२

भाऊंनी धावत जाऊन आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून आणलं. ताई त्या वेळी प्रवेशद्वाराशी बसून फुकट पासांवर डोळा ठेवणाऱ्यांना वाटेला लावत होत्या. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण सारी नोकरी त्यांनी परीक्षा मंडळात काढली होती. पेपर फुटला की आधी मंत्र्यांना नाही, ताईंना फोन जायचा. किती शिपाई, किती प्राध्यापक आणि एकदा तर एक प्राचार्य त्यांच्यासमोर बसून घामाघूम झाले होते. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांना फसवायला कुणी येत नव्हतं आणि त्या घरी चिडचिड करत होत्या.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे पेपरफुटीच की ही. मग मला कशाला संगीत कळायला हवं?"

कपाटाची चावी कुठे असते, हे त्यांनी आधी विचारलं. ती पियानोमागच्या खिळ्याला लटकत असे आणि हे सगळ्यांना माहीत होतं. जेवणानंतर वादक पांगले होते, कुणी खोलीत, कुणी गच्चीवर, तेव्हा कुणी कुणाला पाहिलं याची साक्ष काढण्यात अर्थ नव्हता. मग ताईंनी भिंग मागवून झडपेचं निरीक्षण केलं. तिथे त्यांना पांढरी भुकटी सापडली आणि त्यांचे डोळे चमकले. पण तो आनंद काही टिकला नाही. ती राळ होती. ही मंडळी राळ वाद्य वाजवायच्या गजावर घासतात आणि मग ती त्यांच्या बोटांना, बाह्यांना, चहाच्या कपालाही लागलेली असते. चौघांनी एकदमच आपली पांढरी बोटं दाखवली. ताईंनी भिंग मुकाट्याने पर्समध्ये टाकलं.

"मला एकेकाला आत पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि ही पाकिटं इथेच राहू देत."

त्यांनी चारही पाकिटं पत्त्यांसारखी पिसली आणि टेबलावर गठ्ठा करून ठेवली. चेलोचं आलं सर्वांत वर. या खोलीत पूर्वी नाच शिकवत असत, त्यामुळे एक अख्खी भिंत आरशाची होती. येणारा प्रत्येक जण दोनदा दिसणार होता, आणि ताईंना तेच हवं होतं.

३

पहिला आला चेलोवाला. बोलण्यात कुणाला हार जात नसे, म्हणून त्याला वकील म्हणत. बसायच्या आधीच त्याने सांगून टाकलं की व्हिओलाच्या जागेवर त्याचा भाचा यावा असं त्याला वाटत होतं, आणि हे बाहेरून कळण्यापेक्षा त्याच्याच तोंडून कळलेलं बरं. ताईंना हा माणूस आवडला. त्यांनी त्याला सांगितलं, आपलं पाकीट उचला आणि झडप तपासा.

वकिलाने वरचंच पाकीट उचललं, नाव वाचलं आणि त्याची चर्या खुलली. "कमाल आहे. जन्मात पहिल्यांदा आम्ही वर," तो म्हणाला. "वाजवायच्या कागदांचा कुठलाही गठ्ठा घ्या, ताई. वर पहिलं व्हायोलिन, मग दुसरं, मग व्हिओला आणि तळाला आम्ही. जगभर हेच. मी तर आयुष्यभर तळ खरडत आलोय."

"नेहमी?"

"छापखान्यातून येतात तेच तसे. डोळे मिटून हात घातला तरी दादांना दादांचंच मिळतं."

दुसऱ्या व्हायोलिनवाल्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाइतक्या जाड होत्या. त्याला भिंगवाला म्हणत आणि तोही स्वतःला तेच म्हणवून घेई. त्याची पाचावर धारण बसली होती. नवा कागद समोर आला की तो अडखळतो, हे त्याने स्वतःच कबूल केलं. गेले कित्येक दिवस या रचनेच्या धास्तीने त्याला झोप नव्हती. पाकीट उघडायचं मनात आलं होतं का, असं ताईंनी विचारलं. आलं होतं, तो म्हणाला, रोज आलं होतं. गठ्ठा हातात घेऊन त्याने एकेक पाकीट नाकाजवळ नेलं, पेन्सिलीची अक्षरं वाचली आणि तिसरं बाहेर ओढलं. ते त्याचंच होतं, आणि त्याचे कोपरे मोकळे होते.

"मी केलं असतं तर माझंच फोडलं असतं ना," तो म्हणाला. "तिचं घेऊन मी काय करू?"

ताईंच्या मनात नेमका हाच प्रश्न घोळत होता. पण तोपर्यंत दारात धाकटी उभी होती, आणि तिच्या हातात तिची बांधलेली बॅग होती.

४

"मी जाते," धाकटी म्हणाली. "निदान बाकीच्यांचं वाजणं तरी होईल."

ताईंनी तिला बसवलं आणि पाणी दिलं. बॅग त्यांनी स्वतःच्या खुर्चीखाली ओढून घेतली, म्हणजे पोरीला पळायचं झालं तर आधी त्यांना उठवावं लागेल. मग इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. धाकटी नवा कागद पाहताक्षणी वाजवते, अशी तिची ख्याती होती. दादांनी निवडचाचणी घेतली तेव्हा बाकीचे उमेदवार घासून घासून तयार केलेल्या चिजा घेऊन आले होते. दादांनी त्या ऐकल्यासारखं केलं आणि हिच्यापुढे तिने कधी न पाहिलेला एक कागद ठेवला. हिने तो सरळ वाजवला. त्या दिवसापासून दादांचा तिच्यावर फार जीव.

ते तिला तालमीच्या आधी एकटीला बोलावत. पहिल्या व्हायोलिनच्या ओळी ती तिच्या वाद्यावर खालच्या पट्टीत वाजवून दाखवी आणि दादा डोळे मिटून ऐकत. दुसऱ्याच्या हातून ऐकलं की आपली चूक कळते, असं त्यांचं म्हणणं.

"आणि मग ते वाजवतात?"

"तोंडपाठ," धाकटीच्या आवाजात त्या अवस्थेतही अभिमान होता. "दादांच्या स्टँडवर कधी कागद नसतो, ताई. वर्ष झालं असेल, मी येण्याच्या आधीपासून. लोक त्यासाठीच येतात."

मग मात्र तिचा बांध फुटला. दादांनी सगळ्यांदेखत तसं म्हणायला नको होतं, ती रडत म्हणाली. बाकी कुणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. ताई नोकरीत असताना रडणाऱ्या उमेदवारांकडे पाहत नसत, कारण रडण्याने काहीच सिद्ध होत नाही. आज त्यांनी पाहिलं, आणि त्यांना राग आला. राग नक्की कुणाचा, हे अजून त्यांना सांगता आलं नसतं.

दादा आत आले ते शांतपणे. दारापाशी क्षणभर थांबले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि बसले. त्यांनी ताईंच्या भावाची चौकशी केली, महोत्सवाचं कौतुक केलं. मुलगी गुणी आहे पण वय कच्चं, असंही म्हणाले. ताईंनी गठ्ठा पुन्हा पहिल्यासारखा लावून ठेवला होता. त्यांनी सांगितलं, आपलं पाकीट तेवढं बघून घ्या.

दादांनी गठ्ठ्यावरचं पाकीट उचललं. झडपेवरून सावकाश अंगठा फिरवला आणि ते खाली ठेवलं.

"माझं ठीक आहे," ते म्हणाले.

ताई आरशातल्या दादांकडे पाहत राहिल्या. तिथून ते फार थकलेले दिसत होते.

५

दादा गेल्यावर ताई थेट संगीतकार बाईंकडे गेल्या आणि एकच गोष्ट विचारली. गठ्ठ्यात व्हिओलाचं पाकीट सर्वांत वर कसं होतं? बाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. या रचनेत पहिला सूर व्हिओलाचा, म्हणून त्यांनी पाकिटं सुरू होण्याच्या क्रमाने लावली होती. त्यांची सगळी कामं अशीच, जगाच्या उलट. वाटेत भाऊ भेटले. ते मंचावरच्या दिव्यांवरून वैतागले होते. दादांनी आपल्या स्टँडवरचा दिवा पुन्हा बदलून मागितला होता, आणखी प्रखर.

"स्टँडवर कागद न ठेवणाऱ्याला दिवा कशाला रे?" ताईंनी विचारलं. भाऊंनी हात वर केले. ताई गच्चीकडे वळल्या.

दादा कठड्याशी उभे होते. ऊन उतरलं होतं. खाली लोक जमायला लागले होते आणि त्यांचे आवाज वर येत होते. ताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि लग्नाची बोलणी करावी तशा साध्या आवाजात बोलू लागल्या.

त्यांच्या अनुभवात, त्या म्हणाल्या, ज्याला पेपर येतो तो पेपर फोडत नाही. धाकटीला कुठलाही कागद येतो. तेव्हा तिला कारण नाही. वकिलाला तिला अडकवायचं असतं, तर त्याने पाकीट फाडून टाकलं असतं, म्हणजे ते सगळ्यांना दिसलं असतं. इथे तर डिंक लावून गुपचूप परत ठेवलं. ज्याला लपवायचं होतं, त्याला अडकवायचं नव्हतं. म्हणजे तिचं पाकीट फोडणाऱ्याला तिचं पाकीट नकोच होतं. चुकून हातात आलं.

"आता चूक कशी होईल? नाव तर ठळक लिहिलंय. भिंगवाल्याने, त्या चष्म्यातून, वाचलं. चूक त्याचीच होईल, ज्याने नाव वाचलंच नाही. ज्याचं पाकीट जन्मभर सर्वांत वर असतं आणि ज्याला वाचायची कधी गरजच पडली नाही."

दादांनी मान खालच्या आवाजांकडे वळवली.

"किंवा ज्याला वाचता येत नाही," ताई म्हणाल्या. "मघाशी तुम्ही माझ्यासमोर उचललंत ना, ते चेलोचं होतं, दादा."

खाली कुणीतरी हसलं. दादांनी कठड्यावरचे हात काढले आणि खिशात घातले, मग परत काढले.

नजरेच्या मधोमध अंधारतं, ते म्हणाले. मधलं सगळं पुसलं जातं आणि कडेचं तेवढं दिसतं. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की हे आता मागे फिरायचं नाही. बाकीच्या रचना कानाने पाठ करता येत होत्या, ती पोरगी वाजवून दाखवत होती, कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. पण ही एक रचना अशी आली की तिच्यात पाठांतराला जागाच नाही. त्यांनी पाकीट उघडलं, कागद खिडकीशी नेला, पार डोळ्याला लावला. ओळीच्या सुरुवातीची मोठी खूण तेवढी ओळखू आली, ती व्हायोलिनची नव्हती, व्हिओलाची होती. मग दुसरं पाकीट फोडायला हात धजला नाही. वाचलं काहीच नाही. वाचणार कसं?

"आजची रात्र जाऊ द्या," दादा म्हणाले. "उद्या मी सगळं सांगतो."

"आज ती जाते आहे. उद्या सांगून काय उपयोग?"

"मग मी काय उरतो, ताई? हे सोडून मला दुसरं काही येत नाही."

ताईंना त्यांची दया आली, अगदी पोटातून आली. पण दया आली म्हणून त्यांनी आजवर कुणाचा निकाल बदलला नव्हता.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" त्यांनी विचारलं. दादांनी जिन्याकडे पावलं टाकली, आणि पहिली पायरी पायाने चाचपली.

६

तालमीच्या खोलीत दादांनी उभं राहून सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. वकिलाने दादांसाठी खुर्ची पुढे सरकवली. भिंगवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

धाकटीने एकच प्रश्न विचारला. "आणि मी गेले असते तर?"

"गेली असतीस," दादा म्हणाले. "आणि मी गप्प राहिलो असतो."

धाकटीने ताईंच्या खुर्चीखालून बॅग ओढली, उघडली आणि आतून वाद्य पुसायचं फडकं काढलं. मग ती व्हिओला पुसत बसली, दादांकडे न पाहता. पुसून झालेली जागा ती पुन्हा पुसत होती.

शेवटी संगीतकार बाई बोलल्या. त्यांच्या मते रचना अजून जिवंत होती. धाकटीचा कागद तिने पाहिला नव्हता, बाकीच्यांनी आपापले पाहिले नव्हते, आणि ज्या दादांनी तिचा पाहिला त्यांना तो दिसला नव्हता. कागद न पाहिलेली चार माणसं मिळाली की झालं, कुठली ते त्यांनी लिहून ठेवलेलं नव्हतं. भिंगवाल्याने पहिल्या व्हायोलिनच्या जागी बसावं आणि दुसऱ्यासाठी कालच्या कार्यक्रमातल्या त्रिकुटामधली व्हायोलिनवाली बोलवावी. भिंगवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी अडखळणार," तो म्हणाला.

"मी ते मुद्दाम लिहिलंय," बाई म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. दिवे लागण्याआधी दादा एकटेच मंचावर गेले आणि लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले. "आज मी वाजवणार नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही. बरेच दिवस दिसत नाही. हे झाकण्यासाठी मी आज एक पाकीट फोडलं आणि ते माझ्या सहकारी मुलीच्या नावावर जाऊ दिलं. तिने काहीही केलेलं नाही." मग ते मंचाच्या कडेने, पडद्याला हात लावत लावत खाली उतरले. कुणालाच टाळी वाजवावी की नाही ते कळेना, म्हणून कुणी वाजवली नाही. ताईंनी त्यांचा दंड धरून त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं.

चौघं आले. चार पाकिटं एकदम फाटली आणि तो कागदाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. धाकटीने कागद स्टँडवर ठेवला, वाद्य हनुवटीखाली घेतलं आणि सुरुवात केली. एक लांब, खालचा सूर. मग दुसरा. इतकं सोपं असेल तर मी पण वाजवलं असतं, असं ताईंना वाटलं. पण तेवढ्यात ओळ एकदम वर चढली, कुणाच्याही अपेक्षेबाहेर, आणि धाकटीचं बोट घसरलं. सूर चिरकला. ती थबकली, हसली आणि पुन्हा पकडून पुढे गेली. भिंगवाला धडपडत तिच्या मागे लागला.

संगीत न कळणाऱ्या ताईंनी घाबरून दादांकडे पाहिलं. दादांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"चुकली," ते ताईंच्या कानाशी म्हणाले. "ऐकलंत? माझी पोरगी चुकली. आधी पाहिलेलं असं चुकत नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि शेवटचा सूर विरेपर्यंत सोडली नाही.